झोपल्यावर वाढतं की कमी होतं?

साडेसहा वर्षं माझं डोकं दुखत होतं. रोज. कधी कमी कधी जास्त, पण असा एक दिवस नाही की सकाळी उठले आणि डोकं आहे हे विसरले. त्या साडेसहा वर्षांत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, एकाच बाजूला दुखतं का, उलटी होते का, उजेड सहन होतो का, झोप कशी आहे, घरी काही टेन्शन आहे का, पाळीच्या आसपास वाढतं का. सगळे योग्यच प्रश्न होते, मी त्यांना नावं ठेवत नाहीये. पण एक प्रश्न राहून गेला, आणि तो पहिल्यांदा विचारला डोळ्यांच्या डॉक्टरांनी, ज्यांच्याकडे मी डोकेदुखीसाठी गेलेच नव्हते, चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते.

त्यांनी डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले, अर्धा तास बाहेर बसवलं, मग आत बोलावून बराच वेळ दिव्यातून बघत राहिले. आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा. खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "तुमचं डोकं दुखतं का हो?"

मी म्हटलं, रोज दुखतं, मायग्रेन आहे मला.

"आडवं झाल्यावर वाढतं की कमी होतं?"

वाढतं. पहाटे तर सगळ्यात जास्त. म्हणून मी दोन उशा घेऊन झोपते.

"वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते?"

येते. बुटाची नाडी बांधताना येते, एखाद-दोन सेकंद सगळं करडं होतं आणि परत येतं.

"आणि कानात?"

इथे मात्र मी गप्प झाले, कारण कानाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्री सगळं शांत झालं की उजव्या कानात लोहाराचा भाता चालावा तसा आवाज यायचा, फुस्स, फुस्स, आणि नाडीवर बोट ठेवलं की कळायचं की तो माझ्या ठोक्यांबरोबरच चाललाय. मला वाटायचं, कानाचं हे काहीतरी वेगळंच असणार, डोकेदुखीवाल्या डॉक्टरांना कशाला सांगायचं.

त्यांनी कागदावर दोन गोल काढले. डोळ्याच्या मागून मेंदूकडे जी नस जाते ती आत जिथे टेकते ती जागा म्हणजे डिस्क, एक छोटी गोल चकती. तिची कड कशी हवी, तर कंपासने काढल्यासारखी स्वच्छ. माझ्या दोन्ही चकत्यांची कड पुसट झाली होती, ओल्या कागदावर शाई पसरते तशी. याला पॅपिलिडीमा म्हणतात, म्हणजे कवटीच्या आत दाब वाढल्यामुळे आलेली सूज. डोळ्याच्या नसेभोवती जे आवरण असतं ते मेंदूच्या आवरणाचंच पुढे आलेलं टोक असतं, आणि मेंदूभोवतीचं पाणी त्या आवरणात थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत येतं. त्यामुळे आतला दाब वाढला की तो डोळ्यात दिसतो. कवटी न उघडता मेंदूच्या दाबाची खूण डोळ्याने बघता येते अशी ही एवढीच जागा, आणि साडेसहा वर्षांत तिथे कुणी दिवा लावून बघितलं नव्हतं.

मग पुढचे काही आठवडे मी या पाण्याबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले, त्यातलं बरंचसं इथे लिहितेय, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आपला मेंदू कवटीत कोरडा ठेवलेला नसतो, तो तरंगत असतो. हवेत ज्याचं वजन १४०० ग्रॅमच्या आसपास भरेल तो मेंदू त्या पाण्यात जेमतेम ५० ग्रॅमचा होतो, म्हणून तर तो स्वतःच्याच भाराने खाली दबून जात नाही. हे पाणी मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये तयार होतं, मेंदूभोवती आणि खाली पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवती फिरतं आणि शेवटी मोठ्या शिरांमधून रक्तात शोषलं जातं. एका वेळी असतं साधारण १५० मिली, पण दिवसभरात तयार होतं ५०० मिलीच्या घरात, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळंच्या सगळं पाणी बदलतं. मला हे वाचून खरंच थांबायला झालं. आपण जागे असतो, झोपतो, भांडतो, कामाला जातो आणि डोक्यात हे असं सतत भरणं आणि निचरा होणं चालूच असतं.

आता कवटी म्हणजे हाडाचा बंद डबा. त्यात तीनच गोष्टी मावतात, मेंदू, रक्त आणि पाणी. डबा मोठा होत नाही, म्हणून एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये याचा पाया घातला, जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये ते पुढे नेलं, आणि आज दोघांच्या नावाने तो नियम ओळखला जातो. एवढा एक नियम डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं, निदान माझं तरी तसं झालं.

पाणी जास्त झालं किंवा निचरा नीट झाला नाही तर दाब वाढतो. तो एका दिवसात काही फोडत नाही. पण महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहिला की तो आतल्या मऊ गोष्टींवर आपली खूण सोडत जातो. मेंदूच्या तळाशी हाडात एक छोटा खळगा असतो आणि त्यात वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. वरून पाण्याचा दाब आला की ती खळग्याच्या तळाशी चेपली जाते, इतकी की स्कॅनमध्ये खळगा रिकामाच दिसतो, म्हणून त्याला एम्प्टी सेला म्हणतात. डोळ्याच्या नसेभोवतीचं आवरण पाण्याने फुगतं आणि नस वेडीवाकडी दिसते. डोळ्याचा गोल मागच्या बाजूने चपटा होतो. मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या ज्या दोन मोठ्या वाटा कवटीच्या मागच्या बाजूने जातात, ट्रान्सव्हर्स सायनस, त्या चिमटल्या जातात. आणि इथे एक वाईट चक्र आहे, वाट अरुंद झाली की रक्त तुंबतं, रक्त तुंबलं की पाण्याचं शोषण अडतं, पाणी अडलं की दाब आणखी वाढतो आणि वाट आणखी चिमटते. कानातला तो भाता बरेचदा याच अरुंद वाटेतून घुसणाऱ्या रक्ताचा आवाज असतो. पाठीतून पाणी काढल्यावर काही पेशंट्समध्ये ती वाट परत मोकळी झालेली दिसते, म्हणजे तिथे मुळात काही अडकलेलं नव्हतं, बाहेरून दाबली गेली होती.

हे वाचल्यावर मी माझा पहिला एमआरआय रिपोर्ट शोधून काढला, चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा मला सांगितलं होतं की नॉर्मल आहे, गाठ नाही, काळजी करू नका. आणि खरोखरच गाठ नव्हती. पण खालून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, पार्शियली एम्प्टी सेला, आणि त्यापुढे, इन्सिडेंटल. म्हणजे सहज दिसलं म्हणून नोंदवलं. मी ती ओळ तेव्हाही वाचली होती, विचारलंही होतं, तर उत्तर मिळालं की ते पुष्कळ लोकांना असतं. हे उत्तर चुकीचं नाही हो, अगदी ठणठणीत माणसांमध्येही असा खळगा सापडतो आणि त्याचा काही अर्थ नसतो. पण ज्या बाईचं डोकं रोज दुखतंय, आडवं झाल्यावर वाढतंय, तिच्या रिपोर्टात ती ओळ आली तर निदान एकदा डोळ्यांत बघायला नको का? मला राग त्या ओळीचा नाही, त्या ओळीपाशी कुणी थांबलं नाही याचा आहे. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

दाब मोजायचा तर पाठीतूनच. लंबर पंक्चर, सगळे त्याला एलपी म्हणतात. १८९१ मध्ये हाइनरिश क्विन्के यांनी ही पद्धत मांडली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे, कमरेच्या खालच्या भागात दोन मणक्यांच्या मधून सुई, कारण तिथे मज्जारज्जू वरच संपलेला असतो आणि खाली नुसत्या नसांचा झुपका पाण्यात लोंबत असतो.

मला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. बधिर करायचं इंजेक्शन चुरचुरलं, नंतर फक्त दाब जाणवत होता, दुखत नव्हतं. बहीण समोर माझा हात धरून बसली होती. सुई आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पाय हळूहळू सरळ करा, अंग सैल सोडा, श्वास रोखू नका", कारण पोट आवळलं किंवा श्वास कोंडला की आकडा खोटा वाढतो. मग सुईला एक सरळ पारदर्शक नळी जोडली, सेंटीमीटरच्या खुणा असलेली, आणि तिच्यात पाणी चढायला लागलं. मला ते दिसत नव्हतं, पाठीमागे होतं. मला फक्त डॉक्टरांचा आवाज येत होता, शेजारच्या मुलाला सांगत होते, अठरा, बावीस, सव्वीस. मग जरा वेळ काहीच नाही. मग, तीस. बहिणीच्या हाताची पकड घट्ट झाली. शेवटी पाणी ३४ वर थांबलं, आणि डॉक्टर म्हणाले की श्वासाबरोबर ते किंचित वरखाली होतंय, म्हणजे माप बरोबर आहे. मोठ्या माणसांत २५ पर्यंत ठीक धरतात.

नंतर बहीण म्हणाली, इतकं स्वच्छ पाणी गं, नळाच्या पाण्याहून स्वच्छ, ह्याने एवढं दुखतं?

ते पाणी थोडं काढून घेतलं, दोन-तीन छोट्या बाटल्या भरतील एवढं. आणि त्या दुपारी साडेसहा वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं हलकं झालं. मी रडले. दुखणं गेलं म्हणून नाही, ते परत येणार हे सांगितलंच होतं, पण मी कल्पनेने आजारी नव्हते हे एका नळीवर आकड्यात दिसलं होतं म्हणून.

गंमत नाही, पण पुढे जे झालं त्याने मला या आजाराची दुसरी बाजूही दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उठून उभी राहिले आणि मानेतून डोक्यापर्यंत अशी कळ गेली की भिंत धरून खाली बसले. कुणीतरी मेंदू खालून ओढतंय असं वाटत होतं. कान पाण्याखाली असल्यासारखे बंद. आणि आडवी झाले की दहा मिनिटांत सगळं शांत. म्हणजे अगदी उलटं! सुईच्या छोट्या भोकातून पाणी झिरपत होतं आणि ज्या डोक्यात कालपर्यंत दाब जास्त होता त्याच डोक्यात आता तो कमी पडला होता. ऑगस्ट बीअर नावाच्या जर्मन सर्जनने १८९८ मध्ये कील शहरात पाठीतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला होता, तेव्हा सिरिंज सुईला नीट बसली नाही आणि बरंच पाणी वाहून गेलं, आणि पुढचे नऊ दिवस त्यांनाही हेच झालं होतं, उभं राहिलं की डोकं, झोपलं की आराम. सहा दिवस सपाट पडून असताना मला त्यांची फार सोबत वाटली. माझं आपोआप भरून आलं. ज्यांचं येत नाही त्यांना स्वतःचंच रक्त घेऊन कण्यात त्या आवरणाच्या बाहेर टोचतात, ते गोठून भोकावर ठिगळ बसतं, हा उपाय जेम्स गॉर्मली यांनी १९६० मध्ये सांगितला.

पण काही लोकांना सुई न टोचताच ही गळती होते. कण्यातल्या हाडाचा एखादा बारीक काटा आवरणाला भोक पाडतो, किंवा आवरण मुळात नाजूक असतं, किंवा पाणी थेट एखाद्या शिरेत निसटायला लागतं, हा शेवटचा प्रकार तर २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आणि त्यांच्या मेंदूत काय दिसतं बघा. डबा तोच, नियम तोच, पाणी कमी झालं तर ती जागा रक्ताने भरते. शिरा फुगतात, मेंदूचं जाड आवरण स्कॅनच्या वेळी डाय दिल्यावर चमकतं, मेंदू तळाकडे खचतो, आणि तीच वाटाण्याएवढी पिट्युटरी, जी माझ्यात चेपली गेली होती, ती यांच्यात सुजून वर येते. दाब जास्त तर चपटी, कमी तर फुगलेली. एकाच ग्रंथीवर दोन्ही आजारांची उलटसुलट खूण. काही जणांचा मेंदू इतका खचतो की वागणं बदलतं, ते सुस्त होतात, विचित्र बोलतात, घरच्यांना वाटतं स्मृतिभ्रंश झाला, आणि गळती सापडून बुजवली तर त्यातले काही जण परत पहिल्यासारखे होतात. काहींचा एमआरआय मात्र साफ नॉर्मल येतो आणि गळती तरीही असते. त्यांच्याकडे पुरावा म्हणून एवढंच असतं, की उभं राहिलं की दुखतं.

माझ्या आजाराचं नाव आयआयएच, इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, इडिओपॅथिक म्हणजे कारण कळलेलं नाही. याआधी त्याला स्यूडोट्युमर म्हणायचे, खोटी गाठ, कारण लक्षणं सगळी गाठीची आणि गाठ नाही. मध्ये एक काळ बिनाइन म्हणजे सौम्य असा शब्द लावला जायचा. तो नंतर काढून टाकला, कारण ज्या आजारात माणसाची नजर कायमची जाऊ शकते त्याला सौम्य कसं म्हणायचं. हा आजार जास्त करून तरुण, वजन वाढलेल्या बायकांना होतो. अ जीवनसत्त्वाच्या जादा डोसने, मुरुमांवरच्या काही गोळ्यांनी, टेट्रासायक्लिनसारख्या अँटिबायोटिक्सनेही असा दाब वाढू शकतो, म्हणून कुठलं औषध चालू आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

वजनाबद्दल लिहायला मला जड जातं, पण टाळणार नाही. वजन कमी केल्याने दाब खरोखर उतरतो, हे नळीत मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि आजाराच्या मुळाशी जाणारा सध्याचा सगळ्यात पक्का उपाय तोच आहे. पण ते सांगण्याच्या पद्धती असतात. साडेसहा वर्षं मला जे "वजन कमी करा" ऐकवलं गेलं ते दार बंद करण्यासाठी होतं, पुढे काही विचारूच नये म्हणून. आणि डोळ्यांतली सूज दाखवून, आकडा दाखवून, सोबत गोळ्या देऊन जेव्हा तेच सांगितलं गेलं तेव्हा मी चौदा महिन्यांत नऊ किलो कमी केले. गोळ्या म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, ती पाणी तयार होणं कमी करते. बोटांना मुंग्या येतात, फसफसणारं काहीही प्यायलं की तोंडात धातूची चव येते. २०१४ मध्ये १६५ पेशंट्सवरच्या चाचणीचे निकाल आले, त्यात गोळी आणि आहार दोन्ही घेणाऱ्यांची नजर नुसत्या आहारवाल्यांपेक्षा जास्त सुधारली होती.

नजर, हं. डोकं नाही. हे मला उशिरा समजलं आणि पचायला सगळ्यात जड गेलं. दाब उतरला तरी डोकेदुखी पूर्ण जाईलच असं नाही. वर्षानुवर्षं दुखत राहिलेल्या मेंदूत दुखणं ओळखणाऱ्या यंत्रणाच हळव्या होऊन बसतात, मग कमी कारणालाही जास्त दुखतं, त्यात वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्याने होणारी डोकेदुखी वेगळीच. क्रॉनिक मायग्रेनवाल्यांच्या स्कॅनमध्ये मेंदूत काही ठिकाणी करडा भाग, म्हणजे जिथे मेंदूच्या पेशींची दाटी असते तो ग्रे मॅटर, कमी-जास्त झालेला आढळतो आणि ते वाचून मी दोन रात्री झोपले नव्हते, मला वाटलं माझा मेंदू झिजला. मग हेही वाचलं की खुब्याच्या सांध्याच्या जुन्या दुखण्यात असाच कमी झालेला करडा भाग, सांधा बदलून दुखणं थांबल्यावर काही महिन्यांत परत वाढलेला दिसला होता. म्हणजे ती झीजच असते असं नाही, दुखण्याची छाप असू शकते. त्या एका माहितीवर मी तेव्हा खूप दिवस काढलेत.

आणि एक वाद अजून चालू आहे. ज्यांच्या डोळ्यांत सूज नाही पण डोकं रोज दुखतं, औषधं लागू पडत नाहीत, अशा मायग्रेनवाल्यांपैकी काहींमध्ये पाठीतला दाब वाढलेला किंवा त्या मागच्या वाटा अरुंद झालेल्या सापडतात. काही डॉक्टरांना वाटतं की दाबच त्यांचं मायग्रेन क्रॉनिक करतो, काहींना वाटतं की तो योगायोग आहे आणि उगीच सुया टोचल्या जातील. मला दोघांचंही पटतं. सगळ्या डोकेदुखीवाल्यांच्या पाठीत सुई घालावी असं मी मुळीच म्हणत नाही, बहुतेकांचं मायग्रेन हे मायग्रेनच असतं. पण डोळ्यांत बघायला पाच मिनिटं लागतात. आणि झोपल्यावर काय होतं हे विचारायला तेवढीही नाही.

माझं आत्ता असं आहे, की डाव्या डिस्कची कड स्वच्छ झालीये, उजवीची वरची बाजू अजून थोडी पुसट आहे. कानातला भाता थांबला, एका रात्री लक्षात आलं की कधीच थांबलाय. डोकं महिन्यातून दहा-बारा दिवस दुखतं. नव्या एमआरआयमध्ये पिट्युटरी अजून चपटीच आहे आणि ती तशीच राहिली तरी चालेल असं डॉक्टर म्हणाले, हार्मोन्स ठीक आहेत.

परवा ऑफिसमध्ये माझ्यापेक्षा बरीच लहान एक मुलगी टेबलावर डोकं टेकून बसली होती. चार महिने झाले म्हणे, मायग्रेनच्या गोळ्या चालू आहेत, काही फरक नाही. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून विचारलं, झोपल्यावर वाढतं की कमी होतं गं? तिने जरा आठवून बघितलं. "सकाळी उठते तेव्हा काहीच नसतं ताई. दुपारपर्यंत मान धरते, मग डोकं. घरी जाऊन आडवी झाले की पंधरा मिनिटांत उतरतं." मी म्हटलं, हेच, अगदी याच शब्दांत, डॉक्टरांना सांगितलंयस? ती म्हणाली, त्यांनी विचारलं नाही. मग मी तिला कागद दिला आणि तिने तिथेच लिहून काढलं, उठल्यावर शून्य, बारा वाजता किती, चार वाजता किती, आडवं झाल्यावर किती मिनिटांत कमी. गुरुवारी तिची अपॉइंटमेंट आहे.